विजारीच्या काठाची कहाणी

विजारीचा खालचा काठ ही तशी पाहिली तर क्षुल्लक वस्तु. शिंप्यानें चार बोटें कापड आंत दुमडावें, त्यावर टीप घालावी, इस्तरी फिरवावी आणि विजार गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावी, इतकाच त्याचा व्याप. गळा, बाही, खिसा यांच्याकडे पाहणाराचें लक्ष सहज जातें. काठ हा जमिनीजवळचा, धुळींत लोळणारा भाग. परंतु गेल्या सव्वादोनशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर असें आढळतें कीं, या चार बोटांच्या पट्टीवरून मंत्र्यांनीं निर्बंध घातले, शाळांनीं मुलांना वर्गांत येण्यास बंदी केली, आणि एका मोठ्या शहरांत ओळीनें कांहीं रात्री तरुण मुलांच्या अंगावरचीं वस्त्रें भर रस्त्यांत ओढून काढण्यांत आलीं. एवढ्याशा पट्टीसाठीं एवढा क्षोभ कां व्हावा, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

हा जुना वाद चालू शतकाच्या दुसऱ्या दशकांत पुन्हां उपस्थित झाला. पॅरिसमध्यें २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘व्हेतमाँ’ या पेढीनें जुन्या, वापरलेल्या जीनच्या विजारी घेऊन त्या उसविल्या, दोहोंची मिळून एक केली आणि तिचा काठ न दुमडतां तसाच सोडला. एकाच पायाचा काठ एके ठिकाणीं वर, तर दुसरे ठिकाणीं दोन बोटें खालीं, अशी एक पायरीच तेथें दिसूं लागली. या विजारीची किंमत हजार डॉलरांहून अधिक होती. लवकरच इतर कारखानदारांनींहि हा प्रकार उचलला. कोणी काठाला दशा सोडल्या. कोणी दुमडलेला काठ उसवून आंतली गडद निळी पट्टी तशीच बाहेर राहूं दिली. कोणी कात्री लावून काठाचे दांते केले. या विजारी घोट्याइतक्या उंचीच्या आंखूड बुटांवर घालण्याची रीत पडली, आणि पाहणारांत दोन तट झाले. एक पक्ष म्हणूं लागला कीं, ही नवी दृष्टि आहे. दुसरा विचारूं लागला कीं, शिंपी काम अर्धें टाकून जेवावयास गेला होता काय?

यांत बुटाचा वांटा कांहीं लहान नाहीं. पोटरीपर्यंत चढणाऱ्या बुटांत विजार खोंवतां येते, आणि सपाट जोड्यावर ती सरळ सोडतां येते. या दोन्ही ठिकाणीं काठाकडे कोणी पाहत नाहीं. परंतु घोट्यापाशीं संपणारा बूट आला कीं विजार कोठें थांबवावी हा प्रश्न उभा राहतो. काठ बुटावर सोडला तर बूट झांकला जातो. आंत कोंबला तर त्याचा बोळा होतो. वर थांबविला तर मध्यें उघडी कातडी दिसते. व्हिक्टोरिया राणीचे जोडे करणारा लंडनचा कारागीर जोसेफ स्पार्क्स हॉल यानें १९ व्या शतकाच्या मध्यास घोट्याच्या दोन्ही अंगांस रबराची लवचिक पट्टी बसविलेला बूट प्रचारांत आणला, तेव्हांपासून शिंपी व चांभार यांच्यामधली ही सीमारेषा वादाची होऊन बसली आहे. आंखूड बूट हा काठाला जणूं चौकटींत बसवून दाखवितो. म्हणूनच काठांतील लहानसा वांकडेपणाहि त्यावर उठून दिसतो आणि पाहणाराच्या डोळ्यांत खुपतो.

पण खुपण्याचें कारण केवळ डोळ्यांपुरतें आहे, असें इतिहास सांगत नाहीं. काठ बदलला म्हणून लोक रागावतात, कीं तो काठ कोणाच्या पायावर आहे हें पाहून रागावतात, याचा निवाडा मागील प्रसंग पाहूनच करावा लागतो.

विजारीचा काठ बुटापर्यंत उतरला तोच मुळीं एका राज्यक्रांतींत. १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांतील प्रतिष्ठित पुरुष गुडघ्याशीं संपणारा तंग चोळणा आणि त्याखालीं रेशमी मोजे घालीत असे. पाय घोट्यापर्यंत झांकणारी सैल विजार ही खलाशी, मजूर आणि कारागीर यांची. फ्रान्समध्यें १७८९ सालीं क्रांतीस आरंभ झाल्यावर पॅरिसमधील या कष्टकरी लोकांना ‘सां-क्युलोत’, म्हणजे ‘चोळणा नसलेले’, असें हिणविण्यांत येऊं लागलें. त्यांनीं ती शिवी बिरुदासारखी मिरविली. लांब विजार हें मतस्वातंत्र्याचें चिन्ह ठरलें. रशियाचा झार पहिला पॉल यानें आपल्या १७९६ ते १८०१ या कारकीर्दींत फ्रेंच पद्धतीच्या गोल टोप्यांबरोबर अशा लांब विजारींवरहि बंदी घातली, ती याच भयानें. परंतु पुढें एक पिढी उलटते न उलटते तोंच राजेलोकहि लांब विजारी घालूं लागले, आणि चोळणा दरबारी समारंभापुरता उरला. ज्या काठाची कालपर्यंत भीति वाटे, तोच सभ्यपणाची खूण झाला.

जीनच्या विजारीचें कूळहि असेंच कष्टकऱ्यांचें आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईस येऊन पोहोंचतो. जाडेंभरडें सुती कापड या अर्थीं इंग्रजींत ‘डंगरी’ हा शब्द १७ व्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. तो आपल्या ‘डोंगरी’ या शब्दापासून आला, आणि मुंबईच्या डोंगरी भागाशीं त्याचा संबंध आहे, असें कोशकार सांगतात. हें कापड जहाजांवरून परदेशीं गेलें आणि खलाशांच्या अंगावर चढलें. ‘जीन’ हें नांव इटलींतील जिनोआ शहरावरून, तर ‘डेनिम’ हें नांव फ्रान्समधील नीम गांवावरून पडलें, असें मानतात. सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि नेव्हाडा संस्थानांतील रेनो गांवचा शिंपी जेकब डेव्हिस यांना २० मे १८७३ रोजीं एक पेटंट मिळालें. खिशांचे कोपरे तांब्याच्या खिळ्यांनीं पक्के करावे, ही त्यांतली युक्ति. खाणींत, शेतांत आणि आगगाडीच्या कामावर राबणारांसाठीं ही विजार होती. धुतल्यावर तें कापड आटत असे. म्हणून घेणारा ती मुद्दाम लांब घेई आणि खालचा काठ बाहेरच्या अंगास दुमडून ठेवी. त्या दुमडींत शोभेचा विचार नव्हता. आज लांब घेतलेली वस्तु उद्यां पुरली पाहिजे, एवढाच हिशेब होता.

आतां प्रतिष्ठितांच्या मुलांनीं काठाशीं खेळ केला तेव्हां काय झालें तें पाहावें. १९२५ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं अतिशय रुंद पायांच्या विजारी घालण्यास सुरुवात केली. चालतांना काठ जमिनीवर झाडूसारखा फिरे आणि बुटाचें टोंक तेवढें मधूनमधून दिसे. ‘ऑक्सफर्ड बॅग्ज’, म्हणजे ऑक्सफर्डच्या पिशव्या, असें त्यांस नांव पडलें. लोक हंसले, व्यंगचित्रें निघालीं, वडील मंडळींनीं कपाळास आंठ्या घातल्या. पण कोणी त्या मुलांच्या अंगास हात लावला नाहीं. तरुणपणाची एक लहर म्हणून ती गोष्ट सोडून देण्यांत आली. थोड्याच दिवसांत शिंपी त्या विजारी समुद्रापलीकडेहि विकूं लागले.

याच सुमारास हिंदुस्थानांत काठाचा प्रश्न अगदीं निराळ्या रूपानें पुढें आला. तो विजारीचा नव्हता, लुगड्याचा होता. परंतु काठ पायावर कोठें थांबावा, हाच त्याचा गाभा होता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांनीं लुगडें आंखूड नेसावें, त्यांच्या पायांवर तें स्पृश्य स्त्रियांप्रमाणें घोट्यापर्यंत उतरूं नये, असा दंडक गांवोगांव होता. डिसेंबर १९२७ च्या अखेरीस महाड येथील सत्याग्रह परिषदेस जमलेल्या स्त्रियांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं भाषण केलें. लुगडें नेसण्याची ही पद्धत म्हणजे अस्पृश्यपणाची खूण आहे, ती पुसून टाका, स्पृश्य स्त्रिया नेसतात तसें लुगडें नेसा, असा त्यांचा उपदेश होता. आणि त्याला पैका लागत नाहीं, हेंहि त्यांनीं निदर्शनास आणिलें. त्या स्त्रियांनीं लागलीच आपली नेसण्याची तऱ्हा बदलली. कापड तेंच, बाई तीच. काठ मात्र वीतभर खालीं आला. ऑक्सफर्डच्या मुलानें काठ पाहिजे तसा वाढविला तर ती लहर, आणि महाडच्या बाईनें तो घोट्यापर्यंत आणला तर तें बंड! काठाच्या कथेंतील खरें दुखणें येथें उघडें पडतें.

दुसऱ्या महायुद्धानें हा प्रश्न सरकारच्या मेजावर नेऊन ठेविला. ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कापडाचें नियंत्रण सुरू झालें. पहिल्या वर्षीं प्रत्येकास ६६ कुपनें मिळत, आणि कोट, जाकीट व विजार यांच्या एका जोडास त्यांतलीं २६ खर्चीं पडत. पुढें १९४२ सालीं व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांच्या खात्यानें कपडे साधे शिवण्याचे नियम केले. खिशांची संख्या ठरली, दुहेरी बटणांचे कोट बंद झाले, आणि विजारीचा काठ बाहेर दुमडण्यास मनाई झाली. कापड वांचावें हा हेतु रास्त होता. पण बाकीचे नियम मुकाट्यानें पाळणारा इंग्रज गृहस्थ या एका नियमावर मात्र चिडला. बॉम्बगोळे सोसणाऱ्या त्या माणसाला बिनदुमडीची विजार सोसेना. तो शिंप्याकडून मुद्दाम लांब विजार घेई आणि घरीं जाऊन काठ गुपचुप दुमडी. अखेर १९४४ सालीं हे निर्बंध सरकारला उठवावे लागले. कायदा या सभ्य गृहस्थांनींहि मोडलाच होता. परंतु त्यांना कोणी देशद्रोही म्हटलें नाहीं.

याच युद्धांत अटलांटिकच्या पलीकडे दुसरें दृश्य दिसलें. अमेरिकेंतील निग्रो, मेक्सिकन व फिलिपिनो वंशाच्या तरुणांत १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘झूट सूट’ नांवाचा वेष लोकप्रिय झाला होता. गुडघ्यापर्यंत येणारा लांब कोट. छातीजवळ चढलेली, मांडीवर फुगीर आणि घोट्यापाशीं एकदम आंवळलेली विजार, असें त्याचें स्वरूप. १९४२ सालीं युद्ध-उत्पादन मंडळानें पोशाखांस लागणारें कापड कमी करण्याचे नियम केले. त्यामुळें हा वेष शिवणें बेकायदा झालें. तरी कांहीं शिंपी तो चोरून शिवीत राहिले. लॉस एंजेलिस शहरांत आरमाराच्या छावण्या होत्या. वर्तमानपत्रांतून मेक्सिकन तरुणांविरुद्ध आधींच पुष्कळ विष पसरलें होतें. ३ जून १९४३ च्या रात्रीं सुमारें ५० खलाशी बाहेर पडले आणि झूट सूट घातलेला जो दिसेल त्याला त्यांनीं बडविलें. पुढच्या रात्रीं त्यांची संख्या वाढत गेली. सिनेमागृहांतून आणि ट्रामगाड्यांतून मुलांना ओढून काढलें, त्यांचे कपडे फाडले, कांहीं ठिकाणीं जाळलेहि. पोलिसांनीं धरलें तें बहुतांशीं मार खाणारांनाच. लष्करी अधिकाऱ्यांनीं शहराच्या मध्यभागीं सैनिकांस जाण्याची बंदी केल्यावर दंगा शमला. आणि ९ जून रोजीं नगरसभेनें ठराव केला तो झूट सूट घालणें गुन्हा ठरवावें असा!

या प्रसंगांतील एक विसंगति लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या खलाशांना मेक्सिकन मुलांचा आंवळलेला काठ सहन झाला नाहीं, त्यांच्या स्वतःच्या गणवेषाच्या विजारी गुडघ्याखालीं घंटेसारख्या पसरत असत. कापडाची उधळपट्टी हें कारण पुढें करण्यांत आलें; पण एक काठ देशभक्तीचा आणि दुसरा देशद्रोहाचा, हें ठरविण्यास कापडाचें माप कोणीच घेतलें नव्हतें. त्याच खलाशांचा कामाचा निळा वेष ‘डंगरीज’ म्हणून ओळखला जाई. डोंगरीच्या कापडाचें नांव असें जगाला वळसा घालून त्या दंग्याच्या शहरापर्यंत येऊन पोहोंचलें होतें.

युद्ध संपलें आणि जीनची पाळी आली. १९५१ सालीं सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं एका हॉटेलांत जीनच्या कपड्यांत गेला, तेव्हां त्याला प्रथम खोली नाकारण्यांत आली. मागून त्याची ओळख पटल्यावर दार उघडलें. वस्त्र बदललें नव्हतें. आंतल्या माणसाचें नांव तेवढें कळलें होतें. १९५३ सालीं निघालेल्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटांत मार्लन ब्रँडो यानें जाड बुटांवर काठ दुमडलेली जीन घातली. तो चित्रपट दाखविण्यास ब्रिटनच्या परीक्षकांनीं १९६७ पर्यंत परवाना दिला नाहीं. अमेरिकेंत अनेक शाळांनीं जीन घालून येण्यास विद्यार्थ्यांना मनाई केली. खाण-मजुराची काटकसरीची दुमड तरुणाच्या पायावर येतांच ती उद्धटपणाची दुमड ठरली. त्यानंतर १९७० च्या दशकांत खलाशांची घंटेसारखी मोहरी जगभरच्या तरुणांच्या पायांवर आली; हिंदी चित्रपटांच्या द्वारें ती ‘बेलबॉटम’ या नांवानें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतहि शिरली, आणि घरोघर बापलेकांचे खटके उडाले. आज ते बापलेक दोघेहि तीं जुनीं छायाचित्रें पाहून हंसतात.

ज्या दुमडीवरून मुलें शाळेच्या दारांतून परत फिरलीं, तिचीच पुढें बडदास्त होऊं लागली. जुन्या पद्धतीच्या अरुंद मागांवर विणलेल्या डेनिमला दोन्ही अंगांस पक्की किनार असते. विजारीची बाहेरची शिवण या किनारीवरच घेतात, आणि काठ बाहेर दुमडला म्हणजे तींतला रंगीत धागा दिसतो. हे माग मंद चालतात, कापड थोडें निघतें, म्हणून तें महाग पडतें. उत्तर कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथली ‘व्हाइट ओक’ ही अशा कापडाची जुनी गिरणी २०१७ सालीं बंद पडली. जपानांतील ओकायामा प्रांताच्या कारागिरांनीं मात्र ही विद्या जतन केली आहे. आजचा शौकीन मनुष्य तो एक धागा लोकांना दिसावा म्हणून आंखूड बुटांवर काठ दुमडतो. मजुराची दुमड कापड पुरविण्यासाठीं होती; शौकिनाची दुमड किंमत दाखविण्यासाठीं आहे.

हा सर्व इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे आजच्या वांकड्यातिकड्या काठांवरील राग आणि कौतुक, दोन्ही कांहीं निराळे दिसूं लागतात. जो म्हणतो कीं, यामुळें संस्कृति बुडाली, त्यानें आठवावें कीं, हेंच सां-क्युलोतांच्या लांब विजारीविषयीं म्हटलें गेलें होतें, आणि आज सभ्य मनुष्य तीच घालून त्याची तक्रार करीत असतो. परंतु जो म्हणतो कीं, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, त्याचेंहि म्हणणें पुरें नाहीं. महाडच्या स्त्रियांना आणि लॉस एंजेलिसच्या मुलांना काठ ही आवडीची गोष्ट करूं दिली गेली नव्हती. ज्याच्या घरीं दहा धड वस्त्रें आहेत, त्यानें अकरावें फाटकें घातलें तर तो धीट ठरतो. ज्याचें एकुलतें एक वस्त्र विरलें आहे, त्याच्या दशांना अजूनहि कोणी नवी दृष्टि म्हणत नाहीं.

उसविलेल्या काठाची जी गडद पट्टी आज मोठमोठ्या दुकानांतून तयार विकली जाते, ती मराठी घरांना मुळींच नवीन नाहीं. वाढत्या अंगाच्या मुलाची विजार किंवा मुलीचा परकर शिवतांना आई शिंप्याला सांगे कीं, आंत चांगली दोन दुमडींची माया ठेवा. पुढच्या जून महिन्यांत शाळा उघडण्याच्या आधीं ती एक दुमड उसवी. वरचें कापड उन्हानें व धुण्यानें फिकें झालेलें, आणि खालीं दोन बोटें मूळचा गडद रंग. दोहोंच्या मध्यें जुन्या टिपेची पांढरी रेघ. ती रेघ झांकण्यासाठीं मूल वर्गांत पाय बांकाखालीं ओढून बसे. एका वर्षांत तें किती वाढलें आणि घरांत नवें कापड कां आलें नाहीं, या दोन्ही गोष्टी त्या रेघेवर स्पष्ट वाचतां येत. तीच रेघ आज पॅरिसच्या दुकानांत मोल देऊन घ्यावी लागते. ती घेणारास हंसण्याचें कारण नाहीं. मात्र आपल्या शेजारच्या बांकावर तशी रेघ पाय ओढून झांकणारें मूल दिसलें, तर त्यालाहि हंसूं नये, एवढें शहाणपण या काठाच्या इतिहासानें शिकविलें तरी पुष्कळ झालें.